आपण फोनमध्ये असतो तेव्हा मूल काय बघत असतं

भातुकली मी लहानपणी खेळले, मग स्वतःच्या मुलीला खेळताना बघितलं आणि आता बालवाडीत रोज बघते. कराडमध्ये आमची छोटीशी बालवाडी आहे, तीन ते सहा वर्षांची मुलं, आणि सगळ्या खेळण्यांमध्ये त्यांचा जीव जर कशात असेल तर त्या भातुकलीच्या टोपलीत. चूल, तवा, इवलीशी कढई, पोळपाट-लाटणं, दोन बाहुल्या. पूर्वी या खेळातली आई भाकरी थापायची, बाबा कामावर जायचे, बाळ आजारी पडायचं आणि डॉक्टर येऊन सुई टोचायचे. आताही हे सगळं आहेच, फक्त त्यात एक वस्तू वाढलीये जी टोपलीत नाहीये. ती मुलं स्वतः शोधून आणतात. ठोकळ्यांच्या डब्यातला चपटा लाकडी ठोकळा घेतात आणि तो मोबाईल होतो.

आणि तो कसा धरतात ते बघायला हवं. आई झालेली चार वर्षांची मुलगी बाहुलीला कडेवर घेते, दुसऱ्या हातात ठोकळा, आणि अंगठा वर वर सरकत असतो. कानाला काहीतरी लावून हॅलो हॅलो करणं तर आम्हीही केलं, पण हा अंगठा नवीन आहे. बाहुलीच्या वतीने बोलणारा मुलगा "आई, आई" करतो आणि ही ठोकळ्यातून नजर न काढता म्हणते, "हो रे बाळा, एकच मिनिट." सूर इतका बरोबर असतो ना, त्यात माया पण आहे आणि लक्ष मात्र नाही, दोन्ही एकदम. चार वर्षांचं मूल हे मनाने रचत नाही, ते घरून आणतं.

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. कारण प्रत्येक पालकसभेत विषय निघतो तो मुलांच्या मोबाईलचा. "ताई, हा मोबाईल लावल्याशिवाय एक घास खात नाही." "ताई, फोन काढून घेतला की अंगावर धावून येते हो." मग किती वेळ दाखवावा, कुठलं कार्टून चांगलं, लॉक कसा लावायचा यावर चर्चा होते. या प्रश्नांची उत्तरं डॉक्टरांनी देऊन ठेवलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही साधारण हेच सांगितलंय, दोन वर्षांपर्यंत नाहीच, फक्त लांबच्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉल चालेल. हे मी पालकांना सांगते, आमच्या भिंतीवर लावलेलंही आहे. पण हे सगळं मुलाच्या डोळ्यांसमोरच्या स्क्रीनबद्दल झालं. आपल्या डोळ्यांसमोरच्या स्क्रीनचं काय, हे सभेत कुणी विचारत नाही. मूल फोनला हातसुद्धा लावत नसेल, तरी घरात फोन आहे आणि तो त्याच्या आणि आईच्या मध्ये आहे, बाबांच्या मध्ये आहे, आजकाल आजोबांच्याही मध्ये आहे. माझं ठाम मत असं झालंय की मुलाच्या स्क्रीनचा प्रश्न मोठ्यांच्या स्क्रीनला हात न लावता सुटतच नाही. आणि तासांपेक्षा वाईट काय असेल तर ते मध्येच तुटणं, मूल बोलतंय, बघतंय, काहीतरी दाखवतंय आणि आपण मध्येच निघून जातो, तिथेच बसून.

यावर एक उत्तर मला नेहमी मिळतं, आणि ते खोटं नाहीये म्हणून त्यावर नीट बोलायला हवं. "ताई, आमच्या आईला तरी कुठे होता वेळ? शेत, गुरं, चूल, पाणी भरणं. आम्हाला कोण बघत होतं? आम्ही वाढलोच ना." अगदी खरं. माझी आई पण दिवसभर कामात असायची, समोर बसून माझ्याशी खेळलीये असं मला फारसं आठवत नाही. पण ती भाकरी करत असताना मी शेजारी बसलेली असायचे आणि ती काय करतेय हे मला सगळं दिसायचं. पीठ मळलं, गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, पाणी फिरवलं, आता उलटणार. मला कळायचं की ही भाकरी झाली की आई मोकळी होणार, किंवा अजून टोपलीत पाच व्हायच्यात म्हणजे वेळ आहे. मध्ये मी काही विचारलं तर हात चालू ठेवून ती उत्तर द्यायची. मी मध्ये मध्ये करायला लागले की एक छोटा गोळा माझ्या हातात द्यायची. कामात असलेल्या माणसाच्या शेजारी बसून मूल खूप काही शिकतं, कारण ते काम उघडं असतं, त्याला सुरुवात आणि शेवट असतो, आणि त्यात मुलाला शिरता येतं.

फोनमधलं काम बंद असतं. मुलाला दिसतो फक्त फोनचा मागचा भाग आणि आपला चेहरा. त्या चेहऱ्यावर मध्येच हसू येतं, मध्येच आठी पडते, मध्येच डोळे मोठे होतात, आणि हे कशामुळे झालं ते मुलाला काही कळत नाही. आई हसली, पण मला बघून नाही. बाबा चिडले, माझ्यावर का? आपण लाईटबिल भरतोय, का ऑफिसच्या ग्रुपवर उत्तर देतोय, का कुणाच्या तरी लग्नाची रील बघतोय, बाहेरून सगळं सारखंच दिसतं. आणि कधी संपणार हेही दिसत नाही. "एक मिनिट" म्हटलं जातं पण त्या मिनिटाला शेवट नाही, मूल वाट कशाची बघणार? म्हणून आमच्या आयांच्या कामाची आणि आपल्या फोनची तुलना मला पटत नाही. वेळ त्यांच्याकडेही नव्हता, मान्य, पण त्या मुलाला दिसत होत्या.

लहान बाळांच्या बाबतीत तर चेहरा म्हणजे सगळं असतं. अमेरिकेत एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये एक प्रयोग मांडला जो आता बालमानसशास्त्राच्या प्रत्येक कोर्समध्ये शिकवतात. आई आधी बाळाशी नेहमीसारखी खेळते, बोलते. मग दोन-तीन मिनिटं समोरच बसून चेहरा कोरा ठेवते, काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळ काय करतं? आधी हसून बघतं, बोट दाखवतं, आवाज काढतं, म्हणजे त्याला माहीत असलेल्या सगळ्या युक्त्या करून बघतं. मग मान फिरवतं, कासावीस होतं, रडतं. अलीकडे न्यूयॉर्कच्या संशोधकांनी हाच प्रयोग कोऱ्या चेहऱ्याऐवजी फोन देऊन केला, आईने फोनमध्ये बघायचं, बस. सात महिन्यांपासून ते दोन वर्षांच्या आतली बाळं होती. तीही अशीच अस्वस्थ झाली, खेळण्यांकडे कमी गेली. आणि जास्त वाईट मला हे वाटलं की ज्या आया एरवीही घरी जास्त फोन वापरतो म्हणाल्या होत्या, त्यांची बाळं आईने फोन ठेवून परत खेळायला घेतल्यावर तितक्या सहज खुलली नाहीत. म्हणजे सवयीने बाळ निर्ढावतं असं आपल्याला वाटत असेल तर तसं होत नाहीये.

यावरून घाबरून जायचं कारण नाही. बाळाला पाजताना एकदा मेसेज बघितला म्हणून काही बिघडत नाही, कुठलीही आई चोवीस तास बाळाच्या डोळ्यात बघत बसू शकत नाही आणि बसूही नये. चेहरा जातो आणि परत येतो, हे बाळाला कळणं पण गरजेचं आहे. प्रश्न रोजचा आहे, दर थोड्या वेळाने जाण्याचा आहे.

आता बोलण्याबद्दल. माझं रोजचं काम मुलांच्या बोलण्याशीच येतं म्हणून हा भाग मला सगळ्यात जास्त लागतो. आमच्याकडे तीन वर्षांची मुलं येतात त्यातली काही कार्टूनमधली हिंदी वाक्यं अगदी झोकात म्हणतात, पण "सकाळी काय खाल्लंस?" विचारलं तर दोन शब्दांपुढे जात नाहीत. वाक्य पाठ आहे पण बोलणं येत नाही. कारण बोलणं ऐकून येत नाही, ते देवाणघेवाणीने येतं, मी काहीतरी म्हणते, तू त्यावर काहीतरी म्हणतोस, मग मी परत. यातला एक जण मध्येच गायब झाला की ते तुटतं. अमेरिकेत २०१७ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, अडतीस आया आणि त्यांची दोन वर्षांच्या आसपासची मुलं. आईने मुलाला दोन नवे शब्द शिकवायचे, म्हणजे मुद्दाम बनवलेले शब्द, घरी ऐकलेले असूच शकत नाहीत असे. एक शब्द शिकवताना मध्येच आईला फोन यायचा आणि ती बोलायची, दुसरा शब्द सलग. शब्द किती वेळा उच्चारला गेला ते दोन्हीकडे सारखंच होतं. सलग शिकवलेला मुलांना आला, फोनने तुटलेला नाही आला. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ विचार करत होते, कारण आपण मुलांना किती वेळ दिला ते मोजतो, तो वेळ मध्ये किती ठिकाणी कापला गेला ते मोजत नाही. संध्याकाळी सहा ते आठ मी मुलासोबतच होते म्हणणारी आई खरंच बोलत असते, पण त्या दोन तासात सलग पाच मिनिटं किती वेळा मिळाली?

ऑस्ट्रेलियातला अजून एक अभ्यास आहे, २०२४ मधला, २२० कुटुंबांतला. लहान मुलांच्या अंगावर बोलणं मोजणारं छोटं यंत्र लावून घरात दिवसभर कोण किती बोललं ते मोजलं. तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत, घरात स्क्रीन चालू असण्याचा प्रत्येक जादा मिनिट म्हणजे मुलाच्या कानावर मोठ्यांचे साधारण सहा-सात शब्द कमी, आणि मुलाचं स्वतःचं बोलणंही कमी. मिनिटाला सहा-सात म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण संध्याकाळभर टीव्ही चालू असलेल्या घराचा हिशेब तुम्हीच करा. आणि त्या संशोधकांनी स्वतःच म्हटलंय की आई-वडील गुपचूप स्क्रोल करत बसतात तो वेळ या यंत्राला पकडता येत नाही, त्याला आवाजच नसतो ना. म्हणजे आमच्या भातुकलीतला तो सरकणारा अंगठा या आकड्यांच्या बाहेरच राहिला.

बालवाडी सुटल्यावर फाटकाशी मी उभी असते तेव्हा हे तुटणं रोज दिसतं. मूल पळत बाहेर येतं, हातात चित्र नाहीतर पिंपळाचं पान, काहीतरी असतंच. घ्यायला आलेलं माणूस फोनवर असतं. मूल चित्र वर धरतं, "अरे वा, छान" असं उत्तर येतं, पण चित्राकडे बघून नाही, आणि मुलाला ते बरोबर कळतं. एकदा कळलं की ते दुसऱ्यांदा दाखवत नाही, चित्र दप्तरात जातं. आमच्या इथे एक आजी नातवाला न्यायला येतात, त्यांच्याकडे साधा बटणाचा फोन, तो पण पिशवीच्या तळाशी. त्या फक्त "मग? आज काय?" एवढंच म्हणतात आणि तो मुलगा गल्लीच्या टोकापर्यंत बोलत जातो. वर्गात सगळ्यात छान गोष्ट सांगणारा मुलगा तोच आहे. यात दुसरीही कारणं असतील, पण मला हे कारण मोठं वाटतं.

आणि गॅदरिंग! मागच्या वर्षी स्टेजच्या बाजूला उभं राहून मी मुलांचे डोळे बघत होते. मूल नाचताना आधी आई-बाबा कुठे बसलेत ते शोधतं, सगळीच शोधतात, आणि सापडले की एकदम अंगात येतं. आणि समोर काय तर हात वर केलेले मोबाईल, चेहरे त्यांच्या मागे. आई बघतच होती, नाही असं नाही, अगदी कौतुकाने शूटिंग करत होती, पण मुलाला आईचे डोळे पाहिजे होते. यंदा आम्ही नियम केला की शाळेकडून एक जण शूटिंग करेल आणि ग्रुपवर टाकेल, बाकी सगळ्यांनी नुसतं बघायचं आणि टाळ्या वाजवायच्या. थोडी कुरकुर झाली, पण कार्यक्रम काय रंगला सांगू, मुलं उतरायलाच तयार नव्हती.

आता मूल जेव्हा वैतागतं तेव्हा काय होतं ते. लक्ष मिळत नाहीये म्हटल्यावर मूल आवाज वाढवतं, मग ओढतं, हनुवटी धरून आपलं तोंड स्वतःकडे वळवतं (हे तुम्ही सगळ्यांनी अनुभवलं असेल), मग वस्तू फेकतं. आणि शेवटी आपण फोनमधून वर बघतो ते ओरडायलाच. बोस्टनमध्ये काही डॉक्टरांनी २०१४ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी हे नुसतं बसून बघितलं, फास्ट फूडच्या हॉटेलांत, मुलांना घेऊन आलेली ५५ मोठी माणसं. त्यातल्या ४० जणांनी जेवताना फोन काढला, काही जण तर अख्खं जेवण होईपर्यंत त्यातच. आणि जे सगळ्यात जास्त गुंतलेले होते त्यांच्यासोबतच्या काही मुलांनी दंगा वाढवत नेला आणि मोठ्यांनी त्याला उत्तर दिलं ते झिडकारून. हायवेवरच्या आपल्या कुठल्याही हॉटेलात रविवारी रात्री जाऊन बसा, वेगळं काही दिसणार नाही.

यात एक चक्र आहे ते समजून घेतलं पाहिजे, नाहीतर आपण परत आईलाच दोष देऊन मोकळे होऊ. अमेरिकेतल्याच मॅकडॅनियल आणि रडेस्की या दोन संशोधकांनी काही महिने त्याच त्याच आई-वडिलांना पुन्हा पुन्हा विचारून बघितलं तेव्हा असं दिसलं की हे दोन्ही बाजूंनी चालतं. मूल त्रास देतं, आई-बाप थकतात, थकले की फोनमध्ये जाऊन बसतात, त्यामुळे मूल अजून त्रास देतं. म्हणजे फोन हे नुसतं व्यसन नाहीये, ती बऱ्याच जणांची श्वास घ्यायची जागा आहे. सकाळी पाचला उठून, डबे करून, एमआयडीसीत नाहीतर दुकानात दिवस घालवून, परत येऊन स्वयंपाक करणाऱ्या बाईला रात्री पंधरा मिनिटं कुणी काही मागत नाही अशी जागा मिळते ती फोनमध्ये. तिला ती जागा हवी आहे आणि मिळालीच पाहिजे. मग ती जागा मिळवून द्यायची तर दुसऱ्या कुणीतरी तेवढा वेळ मुलाला घेतलं पाहिजे, आणि तो दुसरा माणूस सोफ्यावर बसून मॅच बघत असतो किंवा शेअरचे भाव बघत असतो. मला याचा राग येतो, खरंच येतो. "आजकालच्या आयांना मोबाईल सुटत नाही" असं म्हणणारे आजोबा स्वतः सकाळी सहापासून गुड मॉर्निंगचे फोटो पाठवत असतात आणि नातू शेजारी बसलेला असतो. मुलाला आईचाच नाही, घरातल्या प्रत्येकाचा चेहरा हवा असतो. ज्या अभ्यासांबद्दल मी वर लिहिलं त्यातल्या पुष्कळांमध्येही आयाच बसवलेल्या आहेत, बापाला समोर बसवून बघायला हवं होतं.

मुलं मोठी झाली की तर वेगळंच. तीन वर्षांचं मूल फक्त नक्कल करतं, दहा-बारा वर्षांचं मूल हिशेब मांडतं. "तुम्ही बघता ते चालतं, मी बघितलं की ओरडता." याला आपल्याकडे उत्तर काय असतं, तर "आमचं काम असतं." काम असतंही, पण तेवढंच नसतं, आणि मुलाला बरोबर कळतं कुठला वेळ कामाचा आणि कुठला नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बर्ग शहरात सात वर्षांच्या एका मुलाने याच्यासाठी मोर्चा काढला होता. आमच्याशी खेळा, फोनशी नको, अशा घोषणा देत मुलं आणि मोठी माणसं मिळून दीडशेच्या आसपास लोक रस्त्यावर उतरले. जगभर ती बातमी गोड बातमी म्हणून फिरली. मला ती गोड नाही वाटली, सात वर्षांच्या मुलाला आई-बापाशी बोलायला मोर्चा काढावा लागतो.

आपल्याकडची दोन गावं सांगते. दोन्ही २०२२ मधली, म्हणजे कोरोनात शाळा मोबाईलवर गेली आणि मग मुलांच्या हातातला मोबाईल काही परत आला नाही, तेव्हाची. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल वापरायला बंदी केली. आणि सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, आमच्या कराडपासून काही लांब नाही, तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद होतात, साडेआठला परत वाजतो तेव्हा चालू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा, वाचायचं, घरच्यांनी एकमेकांशी बोलायचं. मुख्य म्हणजे हे फक्त मुलांसाठी नाहीये, घरातल्या सगळ्यांसाठी आहे. स्वातंत्र्यदिनाच्या आसपास गावातल्या बायकांची सभा घेऊन हे ठरलं. सुरुवातीला पुरुष मंडळी हसली होती, असं तिथले सरपंचच सांगत होते. मग आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, समजावत राहिले.

दोन्ही गावांच्या मनात मुलांचं भलंच होतं. पण मला विचाराल तर वडगावचं मला जास्त पटतं, कारण पहिल्या पद्धतीत मुलाला कळतं की ही वस्तू वाईट आहे पण मोठं झालं की मिळणार आहे, म्हणजे मोठं होणं म्हणजे काय तर फोन मिळणं. दुसऱ्या पद्धतीत मुलाला दिसतं की सात वाजले की बाबा पण ठेवतात, आजी पण सिरीयल बंद करते. सात ते साडेआठ ही सिरीयलची ऐन वेळ आहे हे लक्षात घ्या, म्हणजे आजीने काय सोडलं ते. आणि तिन्हीसांजेची वेळ आपल्याकडे आधीपासून घरी यायची वेळ, दिवा लावायची, शुभंकरोती म्हणायची, अंगणात बसून पाढे म्हणायची. ती वेळ टीव्हीने कधी घेतली ते कळलंच नाही. देवाधर्माचं ज्याचं त्याचं, पण त्या वेळी सगळे एका जागी असायचे ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शहरात भोंगा कोण वाजवणार, हे मला माहितीये. आमच्या पालकांना मी म्हणूनच दीड तास वगैरे सांगत नाही. मी म्हणते, मूल शाळेतून नाहीतर तुम्ही कामावरून घरी आल्यावरची पहिली दहा मिनिटं फोन नको, त्यातच दिवसभराचं सगळं बाहेर येतं, नंतर विचाराल तर "काही नाही" एवढंच उत्तर मिळतं. जेवताना नको, कुणालाच नको. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" करत भरवायला वेळ लागतो, मान्य, पण मूल काय खातंय ते बघत तरी खातं. आणि झोपवताना नको. एवढं जमलं तरी खूप. फोन सायलेंटवर टाकून शेजारी ठेवला तर उपयोग होत नाही कारण आपण बघतोच, तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, एका खोलीचं घर असेल तर कपाटावर ठेवा.

आणि दुसरं सांगते ते म्हणजे, फोन वापरायचाच असेल तेव्हा काय करताय ते मुलाला बोलून दाखवा. "आत्याला फोन लावतेय, तू पण बोलणार का?" "गॅस बुक करतोय, हा बघ नंबर टाकला, झालं, ठेवला." भाकरीसारखं ते काम पण उघडं करा म्हणजे मुलाला सुरुवात कळेल, शेवट कळेल. आणि याचा अजून एक फायदा पालकांनीच मला येऊन सांगितला, की मोठ्याने सांगायचं म्हटलं की उगीच फोन उचलणं आपोआप कमी होतं, कारण "मी आता काहीच कारण नसताना रील बघणार आहे" असं मुलाच्या तोंडावर म्हणवत नाही.

आमच्याकडचे एक बाबा घरपोच डिलिव्हरीचं काम करतात. त्यांनी मला सभेत सरळ विचारलं, "ताई, माझं पोटच त्या फोनवर आहे, ऑर्डर आली आणि मी दहा सेकंदात नाही बघितली तर गेली, मी कुठे ठेवू फोन?" माझ्याकडे याचं तयार उत्तर नव्हतं, आणि अशा माणसाला दुसऱ्या खोलीत फोन ठेवा असं सांगणं मला बरोबरही वाटलं नाही. त्यांनी स्वतःच काहीतरी काढलं. घरी असताना फोन खिशात न ठेवता मुलीच्या समोर टेबलावर ठेवतात, वाजला की तीच ओरडते "बाबा ऑर्डर!", मग दोघं मिळून नकाशात बघतात कुठे जायचंय, शनिवार पेठ का मलकापूर का विद्यानगर. गेले की गेले, आणि आले की फोन परत टेबलावर. ऑर्डर नसेल तेव्हा त्यात दुसरं काही उघडत नाहीत. मुलगी वर्गात आम्हाला कराडचे रस्ते सांगते आता, कुठून वळायचं ते पण.

सगळ्यांना हेच जमेल असं नाही. रात्री नऊला ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या साहेबांचं काय करायचं हा प्रश्न दोन-तीन आयांनी विचारलाय आणि तो एकेका घराने सोडवायचा प्रश्न नाहीच आहे, त्यासाठी कामाच्या ठिकाणीच काहीतरी ठरायला हवं. सासूबाईंना सिरीयल बंद करा कसं म्हणायचं हाही प्रश्न आलाय. म्हणून पुढची पालकसभा आम्ही रविवारी सकाळी ठेवलीये, शनिवारी दुपारी ठेवली की फक्त आया येतात. या वेळी चिठ्ठीत स्पष्ट लिहिलंय की वडिलांनी यायचंच आहे आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना पण घेऊन या, चहा-पोह्यांची सोय केली आहे.